आमचं इटलीचं गाव

ऑक्टोबरच्या मध्यावर पुतणीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. कबरीचे दगड करणाऱ्या कारागिराने साध्या कागदावर पेनाने मजकूर मांडून दिला होता. वर क्रूस, खाली माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं नाव, मग आमचं आडनाव मोठ्या अक्षरांत, मग जन्माची आणि मरणाची तारीख, आणि सगळ्यात खाली एक ओळ, की याचे पूर्वज इटलीतल्या अमुक गावाहून इथे आले. फोटोखाली पुतणीने लिहिलं होतं, "काका, गावाचं नाव बघून घे. त्यातला एक्स्पर्ट तूच. दोन नोव्हेंबरच्या आत दगड बसवायचाय."

दोन नोव्हेंबर म्हणजे आमचा मृतांचा दिवस. त्या दिवशी सगळं गावठण कबरस्तानात असतं. फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत जातात, आणि कुणाची कबर अजून मातीचीच आहे हे सगळ्यांना दिसतं.

मी फोटो मोठा करून पाहिला. गावाचं नाव अगदी बरोबर होतं. अडचण एवढीच होती की त्या गावाचा आणि आमचा काडीचाही संबंध नव्हता. तो मी जोडला होता. सव्वीस वर्षांपूर्वी, दादाच्या लग्नात, हातात ग्लास धरून.

मी फोन उलटा ठेवला आणि ऑफिसची फाइल उघडली. मी विम्याच्या ऑफिसात काम करतो. लोकांनी केलेले दावे खरे की खोटे ते तपासतो. हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबतो.

*

आमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. एक तर ते छापलं की लोक चुकीचंच वाचतात, आणि दुसरं म्हणजे ज्या माणसाचं ते होतं त्याला आधीच आमच्यामुळे पुष्कळ त्रास झालाय. एवढंच सांगतो, की अंधेरीच्या पूर्वेला आमचं जे गावठण आहे, तिथे सगळ्यांची आडनावं पोर्तुगीज. घरात मराठी, जेवायला तांदळाची भाकरी आणि बोंबील, म्हाताऱ्या बायका लुगड्यात, आणि आडनावं लिस्बनची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एकच आडनाव असलेली दहा-दहा घरं असल्यामुळे लोक एकमेकांना आडनावाने ओळखतच नाहीत. अमका विहिरीवाला, तमका पोस्टवाला, असं.

आमचं मात्र एकच घर. आणि आडनाव पोर्तुगीज नाही, इटालियन. हे आम्हाला शाळेत एका फादरने सांगितलं. हजेरी घेता घेता तो थांबला आणि म्हणाला, "हे तर इटलीचं नाव आहे. तू कुठला?" मी म्हणालो, "मागच्या गल्लीतला." सगळा वर्ग हसला.

घरी येऊन वडिलांना विचारलं. वडील फार बोलणारे नव्हते. ते पेपर वाचत होते. "आपलं वेगळं आहे," एवढंच म्हणाले आणि पान उलटलं. आमच्या घराण्याचा इतिहास त्या तीन शब्दांत संपला. पुढे इंटरनेट आल्यावर दादाने शोधून काढलं, की या आडनावाचा मूळ अर्थ भट्टीवाला. म्हणजे इटलीत कोणे एके काळी भट्टीत पाव भाजणाऱ्याला असं म्हणत. शाळेत पोरं आम्हाला पाववाले म्हणून चिडवायची, त्यासाठी एवढा लांबचा वळसा घ्यायची गरज नव्हती, असं मी म्हणालो. दादाला ते आवडलं नाही. तोवर तो या बाबतीत गंभीर झाला होता.

*

तर लग्न. आमच्यात लग्नाच्या जेवणाआधी टोस्ट म्हणतात. कुणीतरी माइक घेऊन नवरानवरीबद्दल चार शब्द बोलायचे, दोन विनोद करायचे, एकदा रडवायचं आणि मग सगळ्यांनी ग्लास उंचवायचे. चांगला टोस्ट म्हणणारा माणूस घरात असणं ही मानाची गोष्ट. आमच्या घरात तो मी होतो, कारण दुसरं काहीच मला धड येत नव्हतं.

वडील वर्षभरापूर्वी गेले होते. दादा बत्तीस वर्षांचा, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत साचे बनवायच्या कामाला. मुलगी मालाडच्या बऱ्यापैकी घरातली. तिच्या बाजूचे लोक पुढच्या खुर्च्यांवर हाताची घडी घालून बसले होते. तिचा बाप तर मांडवाचे बांबू मोजत असल्यासारखा वर बघत होता. मी माइक घेतला आणि माझ्या लक्षात आलं, की वहिनीच्या आजोबांबद्दल, पणजोबांबद्दल, त्यांच्या आंब्याच्या वाडीबद्दल त्यांच्याकडचा माणूस आताच पंधरा मिनिटं बोलून गेलाय. आमच्याकडे बोलायला काय? "आपलं वेगळं आहे."

माझ्या समोर, स्टेजखाली, फरशीचं एक रिकामं खोकं पडलं होतं. लग्नासाठी घरात नवी फरशी घातली होती, आणि त्याच खोक्यांत भाड्याचे ग्लास आले होते. खोक्यावर फरशीच्या डिझाइनचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं. ते इटलीतल्या एका गावाचं नाव होतं. खाली बारीक अक्षरांत गुजरातमधल्या कारखान्याचा पत्ता होता, पण तो माइकवरून सांगायची काय गरज?

मी सुरू केलं. आमचा मूळपुरुष त्या गावचा. दगडावर नक्षी कोरणारा. एका चर्चची वेदी बनवायला जहाजात बसला. जहाज वेसाव्याच्या किनाऱ्याजवळ फुटलं. कोळ्यांनी त्याला वाचवलं, आमच्या गावठणात आणलं, आणि विहिरीवर पाणी भरणारी एक पोरगी बघून तो परत जायचं विसरला. विहीर मी उभ्या उभ्या घातली. लोक रडले. आमची आत्या पदर डोळ्यांना लावून हुंदके देत होती. बँडवाल्याने न सांगता सॅक्सोफोन वाजवला. आणि वहिनीचे वडील उठले, स्टेजवर आले, आणि दादाशी हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ओटीवर बनियनमध्ये चहा पीत होता. मला म्हणाला, "ए, ते गाव खरं आहे ना रे?"

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. तो हसला असता, मला एक फटका मारला असता, विषय संपला असता. पण माझी झोप झाली नव्हती आणि कालची शाबासकी अजून अंगात होती.

"मग काय," मी म्हणालो.

"तुला कुणी सांगितलं?"

"पप्पांनी."

दादाने कप खाली ठेवला. "मला नाही कधी बोलले."

"तू कामावर असायचास ना."

त्याने चहावरची साय बोटाने बाजूला केली. मग म्हणाला, "हां, ते पण आहे."

*

पुढची सव्वीस वर्षं त्या गावाने आमच्या घरात फुकट जागा अडवली. दादाने दारावर पाटी लावली, आडनावाखाली गावाचं नाव. फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की तो निळा शर्ट घालून बसायचा, आणि इटली हरली की दोन दिवस जेवायचा नाही. चारकोपला कारखान्यात त्याला सगळे इटली म्हणायचे. "इटली, तो पान्हा दे." तो चारकोपला मनापासून शिव्या घालायचा. धूळ, खड्डे, बसची रांग. "कुठल्या गावचा माणूस आणि कुठे येऊन सडतोय," असं म्हणायचा, पण म्हणताना खुशीत असायचा. पुतणी झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन त्याने सगळी गोष्ट सांगितली, जहाजासकट. ती मोठी झाली तेव्हा तिलाही ती पाठ होती. येत्या मे महिन्यात ती आईवडिलांना त्या गावी घेऊन जाणार होती.

मी मध्ये मध्ये म्हणायचो, "अरे, जाऊ दे ना, एवढं काय त्यात." लोकांना तो माझा विनय वाटायचा.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी दादा कामावर जायला निघाला, बूट घालायला बाकावर बसला, आणि एकच बूट घालून गेला. डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंही नसेल. मला आतापर्यंत एकदाही रडू आलेलं नाही. प्रेतयात्रेत लोक माझ्याकडे बघत होते, कारण मी पोरांना ओळीत उभं करत होतो, हार कुठे ठेवायचे सांगत होतो. सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, कुणीतरी म्हणालं, "काहीतरी सांग ना दादाबद्दल," आणि मी त्याने एकदा उलटा शर्ट घालून लग्न कसं अटेंड केलं ते सांगितलं. लोक हसले. मीही हसलो. आत काही हललं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावला की तो दुसऱ्याचा गाल वाटतो ना, तसं. फक्त तिथे दोन तासांत उतरतं.

*

फोटोला मी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी पुतणीचा फोन आला.

"काका, तू ब्लू टिक देऊन गप्प का?"

"बघतोय. गडबड काय आहे?"

"तो दगडवाला खोदायला घेतोय. आणि ऐक, मला त्या पहिल्या माणसाचं नाव पण टाकायचंय. जो जहाजातून आला. चर्चच्या जुन्या रजिस्टरात असणार ना? शनिवारी जाऊ आपण."

"अगं, एवढं जुनं कुठे सापडतंय. वाळवी लागली असेल."

"मी ऑफिसात फोन करून विचारलंय. वाळवी नाहीये."

पुतणी दादासारखी नाही. ती आधी फोन करून विचारते.

शनिवारी चर्चच्या ऑफिसात गेलो. रजिस्टर सांभाळणाऱ्या बाई चष्मा कपाळावर चढवून आमच्याकडे बघत होत्या. "पोर्तुगालला जायचंय?" त्यांनी विचारलं. "तिकडच्या पासपोर्टच्या आशेने जुने दाखले शोधायला येतात सगळे."

"इटली," पुतणी म्हणाली.

"हे नवीन आहे," बाई म्हणाल्या, आणि आत जाऊन एक जाड वही घेऊन आल्या. पानं तपकिरी झालेली. आम्हाला हात लावू दिला नाही. वडिलांचं नाव, मग आजोबांचं, मग त्यांच्या बापाचं, असं त्या एकेक पायरी मागे सरकत गेल्या. वही बदलली. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. आवारात दोन बायका मदर मेरीच्या पुतळ्यासमोर मेणबत्त्या लावत होत्या. मला वाटत होतं की वाळवी लागलेली असावी, एकाच पानाला, फार नको.

"हा घ्या," बाई म्हणाल्या. "याच्या मागे तुमचं आडनाव नाही. इथूनच सुरू."

पुतणी पुढे वाकली. "इटलीचा आहे ना? काय लिहिलंय?"

बाईंनी बोटाने ओळ धरली आणि वाचत वाचत मराठीत सांगायला लागल्या. पुरुष, वय अंदाजे वीस. प्रौढ बाप्तिस्मा. आईबाप हयात नाहीत. त्याचं आधीचं नाव दिलंय, ते हिंदू नाव. राहणार चारकोप.

"राहणार कुठे?"

"चारकोप. कांदिवलीचं. तेव्हा खेडं असेल."

"मग आडनाव?"

"ते धर्मपित्याचं. हे बघा, त्याच्या पुढे लिहिलंय. बाप्तिस्म्याला जो शेजारी उभा राहतो, त्याचं आडनाव घ्यायची पद्धत होती ना. गोरा कुणीतरी असेल, त्या दिवशी इथे होता, उभा राहिला. तो कोण, कुठला, काय करायचा, काही नाही. पुढच्या पानांवर कुठे त्याचं नावही नाही. आला असेल, गेला असेल."

पुतणी त्या ओळीवर पुन्हा वाकली. बाईंना वाटलं आम्हाला समजलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, "म्हणजे रक्ताचं काही नाही हो. पंधरा मिनिटं मेणबत्ती धरून उभा राहिला असेल बिचारा."

गावठणातली बाकीची घरं तीन-चारशे वर्षांपासूनची ख्रिस्ती. आम्ही इटलीचे म्हणून त्यांच्याकडे जरा वरून बघायचो. आम्ही निघालो सगळ्यांत नवे, आणि चारकोपचे. दादाने आयुष्यातली तीस वर्षं रोज बसने जाऊन शिव्या घातल्या ते गाव. मला हसू यायला हवं होतं. एरवी अशी गोष्ट मला मिळाली असती तर मी वर्षभर पुरवून सांगितली असती.

*

बाहेर बाकावर बसलो. पुतणीने फोन काढला, पुन्हा ठेवला.

"मग ते गाव कुठून आलं?" ती म्हणाली. "जहाज? पप्पा म्हणायचे, आजोबांनी तुला सांगितलेलं. आजोबांना कुणी सांगितलं?"

इथे मी वडिलांवर ढकलू शकलो असतो. पहिल्यांदा तेच केलं होतं, आणि मेलेला माणूस नाही म्हणत नाही. आता तर वडील आणि दादा, दोघंही नाही म्हणणारे नव्हते.

"आजोबांनी काही सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. "मी बनवलं. तुझ्या आईबाबांच्या लग्नात. फरशीच्या खोक्यावर नाव होतं."

"फरशीच्या?"

"खोक्यावर."

"काका, तू सिरियस बोल ना यार."

"सिरियसच बोलतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. आपल्या काकाचा चेहरा कधी खरा असतो हे तिला पंचवीस वर्षांत शिकायची गरज पडली नव्हती, त्यामुळे तिला वेळ लागला.

"पप्पांना माहीत होतं?"

"नाही."

"त्यांनी कधीच विचारलं नाही?"

"विचारलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. मी म्हणालो, पप्पांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी सांगितलंय."

"आणि?"

"तो म्हणाला, मला कधी बोलले नाहीत. मी म्हणालो, तू कामावर असायचास."

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "एकदा त्यांनी मला सांगितलेलं. मी दहावीत होते. म्हणाले, माझे पप्पा मला सोडून तुझ्या काकाला का बोलले असतील गं? मी काय उत्तर देणार?"

मला हे माहीत नव्हतं. मी तिला तसं सांगितलंही नाही.

"वाट लावलीस तू," ती म्हणाली. रागाने नाही. एखादा माणूस बस गेली असं सांगतो तसं. मग उठली. "चल. मम्मीला तू सांगणार. मी नाही."

*

वहिनी ओट्याजवळ उभी राहून बोंबील साफ करत होती. मी दारात उभं राहून सगळं सांगितलं, चारकोपपासून खोक्यापर्यंत. तिने हात थांबवले नाहीत. शेवटचा बोंबील झाला, पाण्याखाली हात धुतले, आणि मग बोलली.

"मी माहेरी सगळ्यांना सांगितलंय."

"हो."

"माझ्या कझिनच्या सासऱ्यांना पण. त्यांनी नकाशा आणला होता."

"हो, वहिनी."

"माझ्या बापाने त्या टोस्टनंतर ह्यांच्याशी पहिल्यांदा हात मिळवला. तोपर्यंत 'तुमचा चारकोपवाला' म्हणायचा." ती पुसायच्या फडक्याला हात पुसत राहिली, कोरडे झाल्यावरही. "आणि आता तू सांगतोस, चारकोपवालाच."

पुतणी म्हणाली, "मम्मी, ती ओळ काढायची ना?"

"मला काय विचारतेस? ह्याला विचार. हा एक्स्पर्ट."

"मी तुला विचारतेय."

वहिनीने बाकाकडे पाहिलं. दादाचे बूट अजून त्याच्याखाली होते, तिने उचलले नव्हते. "दगडावर खोटं नको," ती म्हणाली. "घरात बोललो ते बोललो. तिथे फादर पाणी शिंपडतात."

"मग चारकोप टाकू?" मी विचारलं. माझा हेतू चांगला होता.

"तू काही टाकू नको," दोघी एकदम म्हणाल्या.

पुतणीने माझ्यासमोरच कारागिराला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. खालची ओळ काढा, ती म्हणाली. तो म्हणाला, ताई, गावाची ओळ काढली तर एवढा उंच दगड कशाला? रिकामा दिसेल. छोट्यात होईल.

"छोटा चालेल," पुतणी म्हणाली.

नंतरचे पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. फादरांना वेळ विचारली का? विचारली. फुलं तू आणणार की मी? मी. दारावरची पाटी एके दिवशी दिसली नाही. स्क्रूची चार भोकं राहिली होती, त्यांत तिने पांढरं सिमेंट भरलं होतं, नीट, दादा भरायचा तसा.

*

दोन नोव्हेंबरला कबरस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडू, मेणबत्त्या, खुर्च्या आणलेली म्हातारी माणसं. दादाचा दगड काळा, गुडघ्याएवढा. नाव, आडनाव, तारखा. मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. बघितलं, आणि काही वाटतंय का म्हणून थोडा वेळ थांबलो. काही वाटलं नाही. अक्षरं चांगली खोदली होती.

फादर पाणी शिंपडून पुढच्या ओळीत गेले. आमची आत्या, वडिलांची धाकटी बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, खुर्चीत बसून दगड न्याहाळत होती. तिने काठीने दगडाच्या खालच्या कडेला टकटक केलं.

"गावाचं नाव कुठं हाय?"

वहिनी मेणबत्ती लावण्यात गुंतली. पुतणीने माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूला आमची सात-आठ माणसं होती, सगळी ऐकत होती. मी टोस्टला उभा राहतो तसा उभा होतो, हात मात्र रिकामे.

"आत्या, ते खरं नव्हतं," मी म्हणालो. "मी बनवलं होतं. लग्नात बोलायला काही नव्हतं म्हणून. आपण चारकोपचे. रजिस्टरात लिहिलंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मागून एक जण म्हणाला, "हा किस्सा पण झकास आहे हां."

आत्या हसली नाही. तिने काठी माझ्या पोटरीवर मारली, बऱ्यापैकी जोरात. "गप रं. तू काय बनवनार? तू जल्मला पन नव्हता. मना माझ्या बापसानं सांगलंय."

"आत्या, आजोबा—"

"मी एवढीशी होते. तो जेवायला बसला का सांगायचा. तेच गाव. तेच नाव. त्याला आपला मसाला खाववत नव्हता, त्या जहाजातल्या मानसाला. डोळ्यांतून पानी यायचं. मग त्याची बायको त्याच्यासाठी मासली वेगली काढायची, नुसती मीठ घालून. आपला तिखट बाटली मसाला घालायच्या आधी. आमच्या घरात ती सवय रायली. तुझा बापूस पन फिकी मासली खायचा, इचार."

हे खरं होतं. वडील फिकंच खायचे. अल्सर होता त्यांना. पण बायको, मीठ, वेगळी काढलेली मासळी, हे माझं नव्हतं. यातलं काहीच मी घातलं नव्हतं.

मी पुतणीकडे पाहिलं. पंधरा दिवसांपूर्वी तिने दगडावरून गाव काढलं होतं, आणि मला वाटलं आता ती आत्याचं सांगणंही खोडून काढेल. ती शेजारच्या कबरीच्या कठड्यावर बसली, आत्याच्या गुडघ्याजवळ. तिचे डोळे लाल झाले होते.

"मग, आज्जी?" ती म्हणाली.

"मग काय. विहिरीवर जाऊन बसायचा. घरची याद आली का बसायचा. कोनाशी बोलायचा नाय. बायको बोलवायला जायची, तवा उठायचा."

ती विहीर माझीच, लग्नात घातलेली; तिच्या काठावर बसणं मात्र आत्याचं. माणसं पुढच्या ओळीकडे सरकली. वहिनी उभी राहून ऐकत होती, हातात काडेपेटी. आत्या थांबून थांबून सांगत होती, घाई नव्हती तिला, आणि माझ्यापेक्षा फार चांगलं सांगत होती. मी जहाज फोडण्यात आणि पोरगी दाखवण्यात सगळा वेळ घालवला होता. त्या माणसाला नंतर काय झालं असेल, याचा मी सव्वीस वर्षांत एकदाही विचार केला नव्हता.

"तो परत गेला का गं?" मी विचारलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे.

"कसा जानार?" ती म्हणाली. "पोरं जाली ना इथं."